लिंबाच्या रसातील थंडगार कोळंबी : उन्हाळ्यातील एक नवा पदार्थ व त्याबाबत घ्यावयाची काळजी

(सुरत शहरातील मराठी भाषक कुटुंबांसमोर उन्हाळ्याच्या प्रारंभी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चैत्र सरता सरता सुरत शहराची हवा पालटते. दुपारी पारा चाळीस अंशांकडे झुकू लागतो आणि खाडीवरून येणारा वारा गारव्यापेक्षा घामच अधिक आणतो. लिंबायत, उधना, डिंडोली या भागांत जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून आलेली हजारो कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटातून घरी परतलेल्या माणसाला अशा दिवसांत तिखट रश्श्याची वासना होत नाही. त्याला काही आंबट, काही थंड हवे असते. ताक, पन्हे, कैरीचा तक्कू हे आपले जुने उपाय. त्यांच्या जोडीला सुरतेचे स्वतःचे थंड कोको. गेल्या काही वर्षांत या यादीत एका परदेशी पदार्थाची भर पडली आहे. लग्नसमारंभाची कंत्राटे घेणारे आचारी तो करू लागले आहेत आणि भ्रमणध्वनीवरील चित्रफितींतून तो घरोघरी पोहोचला आहे. लिंबाच्या रसात मुरवून थंड केलेली ही कोळंबी असून तिचे मूळ नाव ‘सेविचे’ असे आहे.

पदार्थ रुचकर आहे, करावयास सोपा आहे आणि उन्हाळ्याला साजेसा आहे, याविषयी दुमत नाही. तथापि त्याच्यासोबत एक समजूत आपल्याकडे येऊन पोहोचली आहे, ती मात्र घातक आहे. कोळंबी कच्चीच सोलावी, तिच्यावर लिंबू पिळावे, अर्ध्या तासात ती ‘शिजते’, चुलीची गरज नाही, असे या चित्रफितींतून बिनदिक्कत सांगण्यात येते. मे महिन्याच्या सुरतेत या सल्ल्यावर विसंबून केलेला एक वाडगा आख्ख्या कुटुंबाला रुग्णालयात नेऊन सोडू शकतो. म्हणून या पदार्थाचे मूळ, त्यामागील शास्त्र आणि तो करण्याची निर्धोक रीत ही तिन्ही अंगे समजून घेणे अगत्याचे आहे.

सेविचे हा दक्षिण अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील पदार्थ होय. पेरू देशात तो राष्ट्रीय खाद्य मानला जातो, २८ जून हा दिवस तेथे त्याच्या नावाने साजरा होतो, आणि २०२३ साली युनेस्कोने तो करण्याच्या व खाण्याच्या परंपरेची मानवजातीच्या अमूर्त वारशात नोंद केली. गंमत अशी की, ज्या लिंबावाचून हा पदार्थ होऊच शकत नाही ते लिंबू मूळचे त्या खंडातले नाही. लिंबू, संत्रे यांचे कूळ आशियातले; आपल्या ईशान्य भारताचा प्रदेशही त्याच्या माहेरांपैकी एक मानला जातो. १४९३ साली कोलंबस दुसऱ्यांदा अमेरिकेस निघाला तेव्हा त्याने या फळांचे बी बरोबर नेले. उलट ज्या मिरचीवाचून आपले पान हलत नाही ती तिकडून पोर्तुगीजांच्या मार्फत आपल्याकडे आली. म्हणजे या एका वाडग्यात लिंबू आपल्या बाजूचे आणि मिरची त्यांच्या बाजूची, असा जुना देवघेवीचा हिशेब मांडलेला आहे. सुरतेपुरते पाहिले तर या हिशेबात आणखी एक रकम मिळवावी लागते, ती कोळंबीची. तिचा विचार पुढे येईल.

आता शास्त्राकडे वळू. दुधात लिंबू पिळले की दूध फाटते, हे स्वयंपाकघरातील प्रत्येकीला ठाऊक आहे. दुधातील प्रथिनांचे कण आम्लामुळे आपली मूळची घडी सोडतात आणि एकमेकांना चिकटून गोळा होतात. कोळंबीच्या मांसातही हेच घडते. काचेसारखे अर्धपारदर्शक असलेले मांस लिंबाच्या रसात पांढरे होते, घट्ट होते, आणि डोळ्यांना शिजल्यासारखे दिसू लागते. उष्णतेनेही प्रथिनांची घडी अशीच मोडते, म्हणून दोन्हींचे रूप सारखे. परंतु चूल आणखी एक काम करते व लिंबू ते खात्रीने करीत नाही. ते काम म्हणजे जंतूंचा नाश. शाळेतील विज्ञानशिक्षकांना हा भेद वर्गात सहज दाखविता येईल. एका वाटीत अंड्याचा पांढरा बलक घेऊन त्यावर लिंबाचा रस ओतावा, दुसऱ्या वाटीतील बलकावर उकळते पाणी ओतावे. दोन्ही पांढरे होतील. पण पहिल्या वाटीतील अंडे थंडच राहते आणि त्याचा कच्चा वास जात नाही. अर्थात प्रयोग झाल्यावर दोन्ही वाट्या टाकून द्याव्यात, कोणी चाखू नये.

लिंबाच्या रसात जंतुनाशक गुण मुळीच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. पटकीचे जंतू आम्लात टिकाव धरीत नाहीत, हे प्रयोगांत दिसून आलेले आहे. जेवताना लिंबाची फोड पिळण्याची आपली रीत निराधार नव्हे. अडचण अशी की, रस पृष्ठभागावर काम करतो. मांसाच्या पोटात, आतड्याच्या काळ्या दोऱ्यात, डोक्याच्या सांध्यात दडलेल्या जंतूंपर्यंत तो त्याच तीव्रतेने पोहोचत नाही. शिवाय काही विषाणूंना आम्लाचे भयच नसते. कावीळ उत्पन्न करणारा ‘अ’ प्रकारचा विषाणू जठरातील तीव्र आम्लातूनही सुखरूप पार होतो; त्याच्यापुढे लिंबाची काय कथा!

समुद्राच्या अन्नातून होणाऱ्या विषबाधेचा मुख्य सूत्रधार ‘व्हिब्रियो पॅराहिमोलिटिकस’ नावाचा जंतू आहे. १९५० साली जपानमधील ओसाका परिसरात लहान मासळी खाऊन २७२ माणसे आजारी पडली व त्यांतील २० दगावली, तेव्हा त्याचा शोध लागला. पुढे १९९६ साली याच जंतूचा एक नवा प्रकार कोलकात्यात मोठ्या प्रमाणावर आढळला आणि तेथून तो जगभर पसरला. खाल्ल्यानंतर साधारणतः एका दिवसाच्या आत पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, ओकाऱ्या व ताप अशी लक्षणे दिसू लागतात. या जंतूविषयी एक गोष्ट नीट ध्यानी घेतली पाहिजे. तो घाणीतून येतोच असे नाही. उबदार, निमखाऱ्या पाण्यात तो निसर्गतःच वास करतो. तापीच्या मुखासारख्या खाड्या म्हणजे अशा जंतूंना मानवणारे पाणी होय, आणि उन्हाळ्यात पाणी तापले की त्यांची संख्या वाढते.

सुरतेच्या नागरिकांना हा मुद्दा विशेष सांगावासा वाटतो, याला कारण आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या भीतीने हे शहर रिकामे होऊ लागले होते. त्यानंतर १९९५ पासून महापालिका आयुक्त एस. आर. राव यांच्या कारकीर्दीत शहराची जी सफाई झाली, तिचे देशभर कौतुक झाले. २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरतेने इंदूरच्या बरोबरीने पहिला क्रमांक मिळविला. हा अभिमान योग्यच आहे. परंतु रस्ता स्वच्छ झाला म्हणून खाडीचे पाणी निर्जंतुक झाले असे होत नाही. ‘आमच्या गल्लीतला विक्रेता अगदी स्वच्छ आहे’ हे वाक्य कच्च्या कोळंबीच्या बाबतीत पुरेसे नाही. विक्रेता स्वच्छ असूनही कोळंबीच्या अंगावर जंतू असू शकतात.

ज्या पेरू देशात हा पदार्थ जन्मला त्या देशालाही धडा मिळालेला आहे. जानेवारी १९९१ मध्ये तेथील बंदरांतून पटकीची साथ सुरू झाली. त्या एका वर्षात तीन लाखांहून अधिक माणसे आजारी पडली आणि सुमारे २,९०० मृत्युमुखी पडली. शहरांच्या पाणीपुरवठ्यातील दोष हे साथीचे प्रमुख कारण होते. तथापि कच्च्या मासळीवरही संशय घेण्यात आला व सेविचेचा खप एकाएकी बसला. मच्छीमारांचा धंदा वाचविण्यासाठी खुद्द राष्ट्राध्यक्षांनी लोकांसमक्ष सेविचे खाऊन दाखविले. धीर देण्याची ही रीत राजकारणात चालते, आरोग्यखात्याला ती पटण्याजोगी नव्हती.

शिंपल्यांच्या वर्गाची गोष्ट याहून गंभीर आहे. तिसऱ्या, कालवे, शिणाणे हे प्राणी एका जागी बसून पाणी गाळतात व त्यातील सूक्ष्म अन्नकणांवर जगतात. अनुकूल परिस्थितीत एक मोठे कालव दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी आपल्या अंगातून गाळते. त्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असेल तर त्यातील रोगजंतूही त्याच्या देहात साठत जातात. १९८८ च्या आरंभी चीनमधील शांघाय शहरात सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. कारण शोधता असे दिसले की, तेथील लोक शिंपले उकळत्या पाण्यात नुसते बुडवून काढीत व जवळजवळ कच्चेच खात. ज्या खाडीला मोठे शहर व कारखाने लागून आहेत तेथील शिंपले लिंबात मुरवून खाण्याचा विचारही मनात आणू नये. कोकणातील गृहिणी तिसऱ्या वाफवून, शिंप आपोआप उघडल्यावरच पुढचा स्वयंपाक करते आणि जी शिंप उघडत नाही ती टाकून देते. पुस्तक न वाचता तिने जपलेला हा नियम आजच्या शास्त्राच्या कसोटीस उतरतो.

मग हा पदार्थ वर्ज्य समजावा काय? मुळीच नाही. उत्तर पेरूच्या शेजारी, इक्वेडोर देशात तयार आहे. तेथील लोक माशाचे सेविचे कच्चे करीत असले तरी कोळंबीचे सेविचे करताना कोळंबी आधी उकडून घेतात. उकडलेली कोळंबी लिंबू व संत्र्याच्या रसात, कांदा, टोमॅटो व कोथिंबिरीसह थंड करतात. चव तीच, थंडावा तोच आणि धोका फार कमी. ही काही भित्र्यांसाठी काढलेली पळवाट नव्हे; त्या देशाची ती रूढ रीतच आहे. आपल्या परंपरेशीही ती जुळते. आपल्याकडे सुकट भाजून घेतल्यावर तिच्यात कच्चा कांदा, कोथिंबीर व लिंबू घालून कोशिंबीर करतात. गोव्यात सुक्या कोळंबीची किसमूर करतात. कोकणी स्वयंपाकात मासळीला आधी लिंबू किंवा कोकमाचे आगळ चोळतात, ते तिचा हिवस वास मारण्यासाठी. त्या वासाचे द्रव्य अल्कधर्मी असल्याने आम्लाने ते निष्प्रभ होते. परंतु आगळ चोळून झाल्यावर कोणीही मासळी कच्ची खात नाही, ती तव्यावर जातेच. आंबट हा आपल्याकडे नेहमीच अग्नीचा सोबती राहिला आहे, त्याचा बदली कामगार नव्हे.

इक्वेडोरचे नाव निघाले म्हणून कोळंबीची रकम आता मांडता येईल. सुरत जिल्ह्याच्या ओलपाड व चोर्यासी तालुक्यांत खाडीकाठच्या खाऱ्या जमिनींवर कोळंबीचे तलाव आहेत. गुजराती शेतकरी त्यांना ‘झिंगा तळाव’ म्हणतात. कोळंबीला येथील घरगुती शब्द ‘कोलमी’. पारशी घरांतील कोलमीचा पातियो अनेकांनी चाखला असेल. पूर्वी या तलावांत आपल्या समुद्रातील पट्टेरी वाघ-कोळंबी वाढविली जात असे. १९९४-९५ च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने देशातील तलाव उद्ध्वस्त केले. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील कोळंबी-संवर्धनावर कडक निर्बंध घातले, २००५ साली किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला, आणि २००९ साली ‘व्हनामी’ या जातीच्या कोळंबीला परवानगी मिळाली. ही व्हनामी मूळची मेक्सिकोपासून उत्तर पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्यावरची. म्हणजे ज्या किनाऱ्याचा हा पदार्थ, त्याच किनाऱ्याची कोळंबी आज ओलपाडच्या तलावांत वाढत आहे. खाडीच्या तोंडाशी बांधलेल्या तलावांमुळे पुराचे पाणी अडते अशी तक्रार सुरतेत वारंवार झालेली आहे. तो स्वतंत्र विषय असून त्याची चर्चा येथे प्रस्तुत नाही.

येथे प्रस्तुत आहे ती बाजारपेठ. २०२३-२४ या वर्षात भारतातून ६०,५२३ कोटी रुपयांची सागरी उत्पादने निर्यात झाली व त्यांतील ४०,०१३ कोटी रुपये एकट्या गोठविलेल्या कोळंबीचे होते. सर्वांत मोठा गिऱ्हाईक अमेरिका. त्या देशाने ऑगस्ट २०२५ मध्ये भारतीय मालावरील आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेले, तेव्हा तलावात उभे पीक असलेल्या शेतकऱ्याच्या पोटात गोळा उठला. आपल्याच देशात कोळंबीचे गिऱ्हाईक वाढावे, ही मागणी त्या वेळेपासून अधिक जोराने पुढे आली आहे. उधन्याच्या खोलीतील कुटुंब आठवड्याला अर्धा किलो कोळंबी निर्धास्तपणे खाऊ लागले तर ओलपाडच्या शेतकऱ्याला तो आधार होईल. पण एका लग्नात शंभर माणसे कच्च्या कोळंबीने आजारी पडली तर वर्षानुवर्षे कोणी त्या पदार्थाला हात लावणार नाही. नवा पदार्थ योग्य रीतीने रूढ होणे हे खाणाऱ्याइतकेच पिकविणाऱ्याच्याही हिताचे आहे, ते या कारणाने.

आता प्रत्यक्ष कृती. चार माणसांना तोंडीलावणे म्हणून अर्धा किलो मध्यम आकाराची कोळंबी पुरते. डोके व कवच काढल्यावर वजन निम्म्याच्या आसपास उतरते. खरेदी करताना डोके धडाला घट्ट धरलेले आहे, कवच चकचकीत आहे, डोक्याशी व शेपटीशी काळे डाग पडलेले नाहीत, हे पाहावे. नाकात झोंबणारा नवसागरासारखा वास आला तर भाव कितीही उतरला असला तरी घेऊ नये. बाजारात पोते ओलावून त्याखाली झाकलेला माल आणि बर्फात गाडलेला माल यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. कोळंबीच्या वजनाइतका बर्फ असावा, असा साधा ठोकताळा आहे. घरून झाकणाचा डबा न्यावा व विक्रेत्याकडून वर थोडा बर्फ घालून घ्यावा. दुपारच्या उन्हात पिशवीत लोंबकळत आणलेली कोळंबी अर्ध्या वाटेतच बिघडू लागते.

मासळी टिकविण्याचा बर्फ आणि पोटात घालण्याचा बर्फ हे मात्र निरनिराळे समजावेत. मासळीबाजारातील लाद्या पिण्याच्या पाण्याच्या असतीलच असे नाही. हा घोटाळा टळावा म्हणून महाराष्ट्रातील अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा आदेश काढला होता. निळसर बर्फ दिसला तर तो सरबतासाठी नव्हे, हे मुलांनाही शिकवून ठेवावे. पांढरा बर्फ हा मात्र आपोआप शुद्ध ठरत नाही. घरच्या उकळून गार केलेल्या पाण्याचा बर्फ उत्तम.

कोळंबी सोलून पाठीवर हलकी चीर द्यावी व काळा दोरा काढून टाकावा. दोन लिटर पाणी, दोन मोठे चमचे मीठ व आल्याचा तुकडा घालून खळखळ उकळावे. त्यात कोळंबी थोडी थोडी सोडावी, म्हणजे पाण्याचा उकळ तुटत नाही. पुन्हा उकळी फुटल्यापासून दोन ते तीन मिनिटे पुरेत. करड्या रंगाचे मांस गुलाबी होते व कोळंबी आकड्यासारखी वळते. हा गुलाबी रंग तिच्यात आधीपासूनच असतो. एका प्रथिनाने तो झाकून धरलेला असतो आणि उष्णतेने ते प्रथिन सैल पडले की रंग मोकळा होतो. लिंबाच्या रसानेही तो काहीसा उजळतो, म्हणून नुसत्या रंगावर विसंबू नये. सर्वांत जाड कोळंबी मधोमध कापून पाहावी. आत कोठेही काचेसारखा भाग दिसता कामा नये. फार वेळ उकळली तर ती रबरासारखी चिवट होते, हेही खरे. उकडलेली कोळंबी लगेच शुद्ध पाण्याच्या बर्फात टाकून गार करावी व निथळून घ्यावी.

रसासाठी सहा-सात कागदी लिंबे लागतात. उन्हाळ्यात लिंबाचे भाव चढतात, कारण मृगातील व आंब्या बहारातील फळ त्या वेळी नसते. हस्त बहार धरलेल्या बागांचे फळ काय ते या दिवसांत बाजारात येते. म्हणून लिंबे थोडी कमी घेऊन एका मोसंबीचा किंवा संत्र्याचा रस मिसळला तरी चालते. नव्हे, चव अधिक गोलसर येते. रस फार जोराने पिळू नये, साल व बिया चिरडल्या की कडवटपणा उतरतो. रसात मीठ, चिमूटभर साखर, बारीक चिरलेल्या दोन हिरव्या मिरच्या व ठेचलेले थोडे आले घालावे. कांदा उभा पातळ चिरून मिठाच्या पाण्यात चोळून धुवावा, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. टोमॅटो व काकडीच्या बिया काढून फोडी कराव्यात. सर्व एकत्र करून कोळंबी त्यात बुडवावी आणि झाकून शीतकपाटात अर्धा ते एक तास ठेवावी. कोथिंबीर वाढण्याच्या वेळी घालावी, आधी घातली तर ती रसात काळवंडते.

भांडे काचेचे, चिनी मातीचे किंवा पोलादी असावे. पितळेच्या, तांब्याच्या व ॲल्युमिनियमच्या भांड्यांना लिंबाचे आम्ल खाते आणि धातूचा अंश अन्नात उतरतो. कल्हई ताजी असेल तर पितळ चालते असे जुन्या बायका म्हणत. आज कल्हईवाले दुर्मिळ झाल्याने त्या अटीचा भरवसा धरता येत नाही. कच्ची कोळंबी ज्या पाटावर व विळीवर कापली तीवर धुतल्यावाचून कांदा-काकडी कापू नये. उकडण्याचे सारे श्रम या एका हलगर्जीपणाने वाया जातात, आणि आचाऱ्यांच्या मुदपाकखान्यात नेमके हेच घडते.

अनेक घरी शीतकपाट नसते, हे विसरून चालणार नाही. तेथे माठाचा उपयोग होईल काय, असा प्रश्न स्त्रिया नेहमी विचारतात. माठातील पाणी पिण्यास गार वाटते, पण अन्न सुरक्षित राहण्यासाठी लागणारा पाच अंशांखालील थंडपणा माठ देऊ शकत नाही. अशा घरी सर्व तयारी वेगवेगळी करून ठेवावी, कोळंबी जेवणाच्या आधी उकडावी, परातीत शुद्ध बर्फ पसरून त्यात वाडगा रोवावा आणि पंधरा-वीस मिनिटांत पानावर घ्यावा. उरेल इतका करूच नये. शीतकपाटात ठेवलेला पदार्थही त्याच दिवशी संपवावा. बाहेर काढल्यावर सुरतेच्या उन्हाळ्यात तो एका तासापेक्षा अधिक उघड्यावर राहू देऊ नये. समारंभात मोठ्या थाळीत मांडून ठेवण्यापेक्षा लहान लहान वाट्या थंड जागेतून थोड्या थोड्या आणाव्यात. बचत गटातील ज्या भगिनी हा पदार्थ विक्रीसाठी करू इच्छितात त्यांनी अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी आधी करून घ्यावी, ती विक्रेत्याच्याच संरक्षणासाठी आहे.

कवचधारी मासळीची काहींना वावडी असते. अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, श्वास कोंडणे ही त्याची लक्षणे असून अशा व्यक्तीने उकडलेली कोळंबीही खाऊ नये. गर्भवती स्त्रिया, वृद्ध, लहान मुले व यकृताचा विकार असलेले रुग्ण यांना कच्ची किंवा अर्धवट शिजलेली सागरी मासळी सर्वस्वी वर्ज्य होय. खाल्ल्यावर जुलाब सुरू झाले तर जलसंजीवनी ताबडतोब सुरू करावी व जुलाब न थांबल्यास अथवा रक्त पडल्यास दवाखाना गाठावा. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या या पाण्याने पटकीचे असंख्य रुग्ण वाचविले. इतके साधे औषध घरात असताना उशीर करण्याचे कारण नाही.

कशाबरोबर खावे, हा प्रश्न उरतो. इक्वेडोरमध्ये या कोळंबीसोबत मक्याच्या लाह्या आणि केळ्याचे तळलेले काप देतात. खानदेशी माणसाला हे ऐकून हसू येईल, कारण केळ्याचे वेफर्स जळगावहून येणारा प्रत्येक पाहुणा पिशवीतून आणतोच, आणि लाह्या नसल्या तर ज्वारीची भाजलेली बिबडी घरात असते. कुरकुरीत बिबडीवर आंबट-थंड कोळंबीचा चमचा ठेवून खाल्ल्यास परदेशी पदार्थ अगदी घरचा वाटू लागतो. घरातील शाकाहारी मंडळींसाठी याच रसात उकडलेली मटकी किंवा मक्याचे दाणे घालावेत.

महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावर १ जूनपासून यांत्रिक नौकांची मासेमारी बंद होते. समुद्रातील ताजी कोळंबी त्यानंतर दुर्मिळ होते. तलावातील पीक मात्र त्याच सुमारास निघू लागते, तेव्हा ओलपाडची कोळंबी घ्यावी. पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांची घाण खाडीत उतरत असल्याने तिसऱ्या व कालवे त्या दिवसांत आणू नयेत. ज्यांना तलावातील कोळंबी परवडत नाही त्यांनी आठवडी बाजारातून सुकट आणून, निवडून, कोरडी खमंग भाजावी आणि तिच्यावर हाच लिंबू-कांद्याचा रस घालावा. तिला शीतकपाटही लागत नाही, फक्त कालवल्याबरोबर खावी, नाहीतर ती मऊ पडते.